पाऊसबाग: छतावरून वाहून जाणारे पाणी अंगणातच मुरवण्याची रीत

घराच्या छतावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे एक लिटर पाणी. हा हिशोब लहान वाटतो. पण 100 चौरस मीटरच्या छतावर 25 मिलिमीटरची एकच चांगली सर पडली, तर 2500 लिटर पाणी दोन-तीन पाइपांतून खाली येते, फरशीवर आपटते, अंगणातली माती आणि पालापाचोळा सोबत घेते आणि काही मिनिटांत फाटकाबाहेर निघून जाते. वाटेत त्यात वाहनांचे सांडलेले तेल, टायरची झीज, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांना घातलेल्या खताचा उरलेला अंश मिसळतो आणि हे सगळे गटारातून नाल्यात व नाल्यातून नदीत पोहोचते. गटारे तुंबतात, नाल्यांचे काठ खचतात आणि ज्या जमिनीवर हा पाऊस पडला, ती मात्र आतून कोरडीच राहते.

यावर घरच्या पातळीवर करता येण्याजोगा एक चांगला उपाय म्हणजे रेन गार्डन, अर्थात पाऊसबाग. जमिनीत जेमतेम वीतभर खोल, सपाट तळाचा एक खळगा करायचा, छताचे किंवा फरशीचे पाणी त्यात वळवायचे आणि त्यात खोल मुळांची झाडे लावायची, एवढेच तिचे स्वरूप. पाणी खळग्यात काही तास थांबते, त्यातला गाळ वर राहतो, मातीतले सूक्ष्मजीव आणि मुळे त्यातील बरीच घाण अडवतात आणि पाणी हळूहळू खाली मुरते. अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये 1990 च्या सुमारास एका नव्या वसाहतीत पावसाचे वाहते पाणी साठवण्याच्या मोठ्या तळ्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारात असा एकेक खळगा करण्यात आला आणि तिथून ही पद्धत सर्वत्र पसरली. पाऊसबाग म्हणजे तळे नव्हे, हे आरंभीच लक्षात ठेवावे. वर्षातला बहुतांश काळ ती कोरडीच असते.

बहुतेक जण या कामाची सुरुवात रोपांच्या यादीपासून करतात. मला ते घोड्यापुढे गाडी जोडण्यासारखे वाटते. रोपांमुळे पाऊसबाग क्वचितच फसते. ती फसते पाणी कोणत्या वाटेने जाते ते न पाहिल्यामुळे, मातीची परीक्षा न केल्यामुळे आणि तळ समपातळीत नसल्यामुळे. म्हणून या लेखात रोपांना शेवटी आणि त्या मानाने थोडीच जागा दिली आहे.

पाण्याची वाट आधी पाहावी

पुढच्या जोरदार पावसात छत्री घेऊन वीस मिनिटे घराभोवती फिरावे. कोणत्या पाइपातून जास्त पाणी येते, ते कुठे पसरते, कोणत्या कोपऱ्यात वळते, कुठे डबके साचते आणि आवाराबाहेर नेमके कुठून जाते, हे सगळे एका कागदावर साध्या रेघांनी काढून ठेवावे. पाऊस थांबल्यावर डबकी किती वेळाने आटतात, तेही लिहावे. हा कागद पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतो. कोरड्या दिवसांत केलेले अंदाज पावसात कितीतरी वेळा चुकीचे ठरतात, कारण फरशीचा एखाद्या सेंटिमीटरचा उतार डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र तो बरोबर समजतो.

जागा निवडताना

खळगा घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर आणि घरापेक्षा खालच्या बाजूस असावा. याहून जवळ मुरवलेले पाणी पायाखाली शिरून भिंतींना ओल आणते. सेप्टिक टाकी आणि तिच्या शोषखड्ड्याजवळ पाऊसबाग करू नये. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या, गॅसच्या व विजेच्या वाहिन्या कुठून गेल्या आहेत, याची खात्री करूनच जागा पक्की करावी. मोठ्या झाडाच्या घेराखाली खणल्यास त्याची वरची मुळे तुटतात आणि झाडाला ओलही सोसत नाही. शेजाऱ्याची भिंत खालच्या बाजूला अगदी लागून असेल, तर जागा बदललेली बरी.

आवारात जिथे नेहमीच पाणी साचते, तिथेच खळगा करावा, असा मोह होतो. तो टाळावा. पाणी साचते याचाच अर्थ तिथली जमीन ते मुरवत नाही. पाऊसबाग त्या डबक्याच्या वरच्या बाजूला, पाणी तिथवर पोहोचण्याआधी अडवेल अशा ठिकाणी केली, की डबकेही आपोआप कमी होते. पिण्याच्या पाण्याची विहीर जवळ असेल, तर वाहनतळाचे पाणी पाऊसबागेत सोडूच नये, फक्त छताचे सोडावे. भांडी, कपडे किंवा वाहने धुतलेले पाणी तर यात कधीच येता कामा नये.

उतार मोजण्यासाठी निवडलेल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक खुंटी ठोकावी, वरच्या खुंटीच्या बुडाशी सुतळी बांधून ती समपातळीत खालच्या खुंटीपर्यंत ताणावी आणि तिथे जमिनीपासून सुतळीची उंची मोजावी. ही उंची भागिले दोन खुंट्यांतील अंतर, गुणिले शंभर, म्हणजे टक्क्यांतील उतार. तो चार टक्क्यांपर्यंत असेल तर 8 ते 13 सेंटिमीटर, पाच ते सात टक्के असेल तर 15 ते 18 सेंटिमीटर आणि आठ ते बारा टक्के असेल तर 20 सेंटिमीटर खोली सोयीची पडते. बारा टक्क्यांहून अधिक उतारावर घरच्या घरी हे काम करू नये, कारण तिथे खालच्या बाजूचा बांध फारच उंच करावा लागतो.

माती पाणी किती पिते?

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त वेळा टाळला जातो तोही हाच. ठरवलेल्या जागी 30 सेंटिमीटर खोल आणि साधारण 20 सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्यावा. त्याच्या भिंती कुदळीमुळे घोटल्या गेल्या असतील, तर खिळ्याने किंवा काटकीने ओरखडून घ्याव्यात. खड्डा काठोकाठ पाण्याने भरून पूर्ण आटू द्यावा. ही पहिली भरणी मोजायची नाही. ती फक्त कोरडी माती ओली करण्यासाठी आहे, कारण पाऊसबागेला काम करायचे असते ते भिजलेल्या मातीतच. मग खड्डा पुन्हा भरावा, त्यात एक पट्टी उभी रोवावी आणि दर तासाला पातळी किती उतरली ते चार तास लिहून घ्यावे.

समजा, चार तासांत पाणी 60 मिलिमीटर उतरले. म्हणजे वेग ताशी 15 मिलिमीटर झाला. मात्र खड्ड्यातले पाणी तळातून तसेच चारही बाजूंनी मुरते. पाऊसबागेत ते मुख्यतः तळातूनच मुरणार असते. म्हणून मोजलेला वेग निम्मा धरावा, म्हणजे इथे ताशी साडेसात मिलिमीटर. त्याला 24 ने गुणले, की 180 मिलिमीटर येतात. याचा अर्थ 15 सेंटिमीटर खोलीचा भरलेला खळगा या जमिनीत एका दिवसात निश्चिंतपणे रिता होईल. चोवीस तासांचा हा निकष मी कसोशीने पाळतो. झाडांची मुळे गुदमरू नयेत, हे त्याचे एक कारण. आणि डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागत असल्याने एका दिवसात आटणाऱ्या पाण्यात त्याची पैदास होऊच शकत नाही, हे दुसरे. शेजारीपाजारी हाच प्रश्न आधी विचारतात, तेव्हा उत्तर तयार असावे.

चार तासांत पाणी जेमतेम 12 मिलिमीटर उतरले, तर याच हिशोबाने दिवसाला फक्त 36 मिलिमीटर मुरेल. अशा जमिनीत साधी पाऊसबाग चालणार नाही. आवारात दुसरी जागा शोधून तिथे चाचणी करावी; अनेकदा दहा-बारा मीटरवर माती वेगळी निघते, विशेषतः बांधकामाच्या वेळी एका बाजूला भराव टाकलेला असेल तर.

मातीची जात हातानेही कळते. मूठभर माती कणकेसारखी मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची चपटी पट्टी बाहेर काढावी. पट्टी बनतच नसेल, तर माती वाळूची आहे. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटत असेल, तर पोयट्याची. आणि पाच सेंटिमीटरपेक्षा लांब होऊनही तुटत नसेल, तर ती पक्की चिकणमाती आहे.

आकाराचा हिशोब

खळग्यात येणारे पाणी आधी काढावे. छत मोजताना ते वरून सरळ खाली पाहिल्यासारखे, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या त्याच्या सावलीइतके मोजावे. कौलांच्या उताराची लांबी धरू नये. उदाहरणार्थ, नऊ बाय दहा मीटरच्या दुपाखी छताच्या एका पाख्याचे क्षेत्र 45 चौरस मीटर होते. त्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1125 लिटर होतात. थोडे पाणी छत ओले होण्यात आणि उडण्यात जाते, म्हणून 0.9 ने गुणावे. हाती सुमारे 1010 लिटर, म्हणजे साधारण एक घनमीटर पाणी राहते. खोली 15 सेंटिमीटर असेल, तर 1.01 भागिले 0.15, म्हणजे 6.7 चौरस मीटरचा तळ लागतो. खळग्याच्या कडा उतरत्या असल्याने त्यासाठी थोडी भर घालून एकूण आठ चौरस मीटर धरावेत. दोन बाय चार मीटरची ही जागा झाली. लांबी रुंदीच्या सुमारे दुप्पट ठेवावी आणि लांब बाजू उताराला आडवी असावी, म्हणजे पाणी एका टोकाला न साचता सगळीकडे पसरते.

पंचवीस मिलिमीटर हाच आकडा का, असा प्रश्न येणे साहजिक आहे. तो फक्त एक सोयीचा आरंभ आहे. सरळ बाजूंच्या बरणीत पट्टी उभी करून घरचे पर्जन्यमापक बनवावे, एक हंगामभर नोंदी ठेवाव्यात आणि आपल्याकडील नेहमीची जोरदार सर किती असते ते पाहून आकडा ठरवावा. जिथे दिवसाला 100 मिलिमीटर कोसळतो, तिथे सगळे पाणी सामावण्याचा हट्ट धरू नये. तेवढ्यासाठी अंगणच खणावे लागेल. सुरुवातीचे पाणी सर्वांत गढूळ आणि घाणेरडे असते. ते खळग्याने घ्यावे आणि उरलेले सांडव्यावरून सुरक्षितपणे पुढे जावे, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. जागा कमी असेल, तर मोजून आलेल्या आकाराच्या निम्मी पाऊसबागही करावी. तिच्यात मुरणारे पाणी तेवढेच गटारातून वाचते.

खोदकाम

आकार जमिनीवर सुतळीने किंवा फक्की मारून आखावा आणि खोदण्यापूर्वी दोन-तीन दिवस तसाच ठेवून येता-जाता पाहावा. कोपरे गोलसर ठेवले, की बाग आवारात शोभते. खोदकाम कोरड्या दिवसांतच करावे. मी केलेल्या पहिल्या पाऊसबागेच्या वेळी रात्रभर रिमझिम झाली होती आणि तरीही सकाळी खणायला घेतले. कुदळीच्या पात्याखाली ओली चिकणमाती घोटली गेली, त्यावरून दिवसभर घमेली घेऊन पाय पडत राहिले आणि संध्याकाळपर्यंत तळ सारवल्यासारखा गुळगुळीत झाला. पहिल्या पावसाचे पाणी त्यावर चार दिवस हलले नाही. शेवटी ते आटल्यावर पहारीने सगळा तळ फोडावा लागला. म्हणून शक्यतो कडेवर उभे राहूनच खणावे आणि काम संपल्यावर तळ 15 ते 20 सेंटिमीटर खोलवर काट्याने किंवा पहारीने सैल करावा.

उताराच्या जागेवर वरच्या बाजूची माती कापून खालच्या बाजूला टाकत जावे. तिचाच बांध होतो. तळ सर्वत्र समपातळीत आहे ना, हे पुन्हा पुन्हा तपासावे. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी या कामाला उत्तम. एका कोपऱ्यात तीन सेंटिमीटरचा फरक राहिला, तरी सगळे पाणी तिथेच गोळा होते, तिथली रोपे कुजतात आणि दुसऱ्या टोकाची वाळतात.

बांध खालच्या बाजूला आणि दोन्ही कडांना, घोड्याच्या नालाच्या आकारात घालावा. माथा निदान 30 सेंटिमीटर रुंद ठेवावा, माती थराथराने टाकून प्रत्येक थर धुम्मसाने नीट ठोकावा. तळ सैल आणि बांध घट्ट, हे दोन्ही लक्षात ठेवावे. घाईत नेमके उलटे होते. बांधाच्या माथ्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली, अर्धा मीटर रुंदीचा सांडवा ठेवून त्यावर मुठीएवढे दगड घट्ट बसवावेत. सांडव्याचे पाणी कुठे जाईल हे ठरवताना सुरुवातीचा नकाशा समोर घ्यावा. सांडवा नसलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो आणि मग पाणी मातीसकट शेजाऱ्याकडे जाते.

पाणी खळग्यापर्यंत आणणे

छताच्या पाइपाला कोपरा जोडून पुढे जमिनीखालून बंद पाइप न्यावा किंवा दगड लावलेला उथळ चर काढावा. पाइपाला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा. मला चर अधिक पसंत आहे, कारण तो तुंबला की लगेच दिसतो. पाणी जिथे खळग्यात उतरते, तिथे दोन हात जागेत दगड पसरून त्याचा जोर मोडावा, नाहीतर तिथे घळ पडते. दगडांच्या आधी एक छोटी गाळटाकी, म्हणजे पाने आणि माती बसायला बादलीएवढा खोलगट भाग, ठेवला तर पुढची साफसफाई निम्म्याने कमी होते.

मातीत काय मिसळावे

चाचणीत पास झालेल्या मातीत वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये पाच सेंटिमीटर जाडीचे चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळले, की पुरे. माती जड असेल, तर 45 ते 60 सेंटिमीटर खोल खणून निम्म्याहून थोडी अधिक जाड धुतलेली वाळू, पाचवा हिस्सा कंपोस्ट आणि बाकी पोयट्याची माती असे मिश्रण भरावे. चिकणमातीत दोन-चार घमेली वाळू मिसळून काम भागवू नये. वाळूच्या कणांमधली जागा चिकणमातीच भरून काढते आणि सगळे विटेसारखे घट्ट बसते. कंपोस्टही या प्रमाणाहून वाढवू नये, कारण जास्तीची पोषकद्रव्ये पाण्याबरोबर खाली झिरपतात. याच कारणासाठी पाऊसबागेत पुढेही रासायनिक खत घालू नये. मिश्रणाखालची जमीन अगदीच बंद असेल, तर तळाशी छिद्रांचा पाइप घालून जादा पाणी बाहेर काढावे लागते. त्यासाठी जाणकार माणूस बोलवावा.

रोपे

पाऊसबागेतल्या रोपांना आज गुडघाभर नाही, पण वीतभर पाण्यात आणि पुढच्या महिन्यात कोरड्या मातीत उभे राहावे लागते. दोन्ही सोसणारी, आपल्या भागात आपोआप वाढणारी, खोल मुळांची झाडे निवडावीत. जवळच्या ओढ्याच्या काठावर, जिथे पाणी येते आणि ओसरते तिथे, काय वाढले आहे ते पाहावे. यापेक्षा चांगली यादी मिळणार नाही. तळात कर्दळीसारखी आणि वाळ्यासारखी ओल सोसणारी, कडेच्या उतारावर मध्यम गवते आणि फुलझाडे, तर बांधावर कोरडी जागा मानणारी झुडपे अशी तीन थरांत मांडणी करावी. वाळ्याची मुळे सरळ दोन-तीन मीटर खाली जातात आणि जुनी मुळे कुजली की त्यांच्या पोकळ्यांतून पाणी आणखी सहज मुरते. हिरवळीच्या गवताची मुळे काही सेंटिमीटरवरच थांबतात, म्हणून तळात लॉन लावू नये. नागरमोथा मात्र कितीही ओलीचा सोबती असला, तरी लावू नये. एकदा पसरला की तो आवर घालू देत नाही.

रोपे 45 सेंटिमीटर अंतराने लावली, तर चौरस मीटरला साधारण पाच लागतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बागेला चाळीस. बियांपेक्षा रोपेच लावावीत, कारण बी पहिल्याच लोंढ्यात वाहून जाते. लागवडीनंतर पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन द्यावे. ते लाकडाच्या लांबट, एकमेकांत गुंतणाऱ्या तुकड्यांचे असावे. भुसा आणि सालीचे सुटे तुकडे पाण्यावर तरंगून सांडव्यात अडकतात. खोडांभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी.

पहिली दोन वर्षे

मुळे खोल जाईपर्यंत पाऊस नसताना आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्यावे लागते. पहिला हंगाम पार पडला की ही गरज सहसा राहत नाही. तण पहिली दोन वर्षे हाताने काढावे, तेही माती कोरडी असताना आणि तळात शक्य तितके कमी पाय ठेवून. प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधाला चीर गेली आहे का, सांडव्याचे दगड हलले आहेत का आणि गाळटाकी भरली आहे का, एवढे पाहून यावे. आच्छादन वर्षातून एकदा भरून काढावे.

तळात मधोमध सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक काठी कायमची रोवून ठेवावी. दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर खळगा किती वाजता भरला होता आणि काठीच्या बुडाशी माती किती वाजता दिसली, याची नोंद एकाच वहीत करावी. पहिल्या वर्षी चौदा तास लागत असतील आणि चौथ्या वर्षी तेवीस, तर वर गाळाचा पातळ थर बसला आहे, असे समजावे. पाणी पूर्ण आटून माती भुसभुशीत झाल्यावर आच्छादन बाजूला सारावे, वरचे दोन-तीन सेंटिमीटर खरवडून काढावेत, त्या जागी थोडे कंपोस्ट मिसळावे आणि आच्छादन पुन्हा पसरावे. पुढच्या मोठ्या पावसाची वेळ त्याच वहीत मागच्या नोंदीखाली लिहावी.